कमरेत डावीकडे कळ आणि महिन्यावर आलेली निवड चाचणी

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं पत्र. लिहिणारा सतरा वर्षांचा आहे, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. अकरावीच्या परीक्षेमुळे महिनाभर त्याने चेंडूला हात लावला नव्हता. परीक्षा संपताच तालुक्याच्या गावी दहा दिवसांचं शिबिर झालं. तिथे सकाळी साठेक आणि संध्याकाळी चाळीसेक चेंडू, असं रोज चाललं. शेवटच्या दोन दिवसांत कमरेत डावीकडे दुखायला लागलं. त्याला आता पाच आठवडे झाले. आजीने 'उसण भरली' म्हणून गावातल्या पायाळू माणसाला बोलावून कमरेला पाय लावून घेतला. तालमीत वाढलेले वडील, म्हणजे त्याचे आप्पा, रोज मालिश करतात, सूर्यनमस्कार घालायला लावतात. दुखणं इतके दिवस टिकलंय हे त्यांना माहीत नाही, प्रशिक्षकांना तर काहीच माहीत नाही. रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धा चालूच आहेत, त्या दिवशी मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी घेऊन तो खेळतो. पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या १९ वर्षांखालील संघाची निवड चाचणी आहे. त्याचा प्रश्न असा: "पाठ दुखत असतानाही वेग कमी न होता चांगली बॉलिंग कशी करायची? कुठला पट्टा बांधू आणि कुठले व्यायाम करू?"

मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चाचणी, पट्टा, गोळी याकडेच लक्ष गेलं. दुसऱ्यांदा एका वाक्यापाशी थांबलो. तू लिहिलंयस, "वाकून बूट बांधताना काही होत नाही, पण बॉल सोडायच्या आधी मागे झुकलं की डावीकडे एकाच जागी सुरी लागल्यासारखं होतं." तू ते सहज लिहून गेलास, पण अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे.

मी डॉक्टर नाही. तेवीस वर्षं मुलांना बॉलिंग शिकवतोय, आणि त्यातून जे कळलं तेवढंच सांगणार आहे. तुझ्या कमरेत नेमकं काय झालंय ते तपासणीशिवाय कुणीच सांगू शकत नाही. पण उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज, वय सतरा, दुखणं डाव्या बाजूला, एकाच ठिकाणी, मागे झुकल्यावर वाढणारं, आणि त्याआधी बॉलिंग एकदम वाढलेली, हे सगळं एका मुलात दिसलं की माझ्यासारख्या माणसाने ताबडतोब बॉलिंग थांबवायला सांगायचं असतं. म्हणून पहिलं तेच सांगतो. या रविवारी खेळू नकोस. तपासणी होईपर्यंत नेट्समध्येही बॉल टाकू नकोस.

आता का, ते नीट सांगतो. 'सरांनी सांगितलं म्हणून थांबलो' एवढ्यावर कुठलाच फास्ट बॉलर आठ दिवसांपेक्षा जास्त थांबत नाही.

बॉल सोडताना तुझा डावा पाय जमिनीवर आपटतो, त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही जास्त जोर खालून वर येतो. तू साठ किलोचा आहेस असं धरलं, तरी तीन क्विंटलच्या वर. त्याच क्षणी तुझी कंबर मागे झुकलेली असते, डावीकडे कललेली असते आणि वळतही असते. कमरेच्या खालच्या मणक्यांच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद दुवा असतो, डॉक्टर त्याला 'पार्स' म्हणतात. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा डावा पार्स या सगळ्यात पिळला जातो. एका चेंडूने काही होत नाही. हाड रोज थोडं झिजतं आणि विश्रांतीत पुन्हा भरून येतं. झिजण्याचा वेग भरण्यापेक्षा वाढला की आधी हाड आतून सुजतं आणि मग त्याला बारीक भेग पडते. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. तुझ्या वयात कमरेची हाडं अजून पूर्ण पक्की झालेली नसतात, ती पक्की व्हायला विशी उलटावी लागते.

तुझ्या शिबिराचा हिशेब कर. रोजचे शंभर, दहा दिवसांचे हजार चेंडू. त्याआधीच्या महिन्यात शून्य. शिबिर घेणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, पण शून्यावरून हजारावर नेणं कुठल्याच हाडाला झेपत नाही. त्यात आपल्याकडची बहुतेक मैदानं सिमेंटच्या विकेटवर मॅटिंग अंथरलेली, आणि पायातले बूट घासून पातळ झालेले.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. 'दुखत असताना चांगली बॉलिंग कशी करायची' यात तू एक गोष्ट गृहीत धरली आहेस: दुखणं एका बाजूला आणि बॉलिंग दुसऱ्या बाजूला, मधे थोडी हिंमत घातली की जमतं. तालमीच्या घरात वाढलास, अंगदुखीला कुणी दुखणं म्हणत नाही, हे मी समजू शकतो. कुस्तीत आणि बॉलिंगमध्ये अंग दुखतंच, आणि ते दुखणं बरंच असतं. पण ते दोन्ही बाजूंना पसरलेलं असतं, जड-जड वाटतं, गरम झालं की मोकळं होतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. एका बोटाने दाखवता येतं, प्रत्येक स्पेलमध्ये वाढतं आणि पाच आठवडे जात नाही, ते दुखणं वेगळं. ते सोसून भेग भरत नाही.

माझ्याकडे एक मुलगा होता, तुझ्याच वयाचा. तू पाणी कसं पितोस? आपण बाटलीला तोंड न लावता वरून पितो, म्हणजे मान आणि कंबर थोडी मागे जाते. तो मुलगा पाणी पिताना डावा हात मागे नेऊन कंबर धरायचा. उंच झेल आला की मागे वाकण्याऐवजी दोन पावलं मागे सरकून चेंडू छातीपाशी घ्यायचा. मी हे दोन आठवडे रोज पाहत होतो. मला काही कळलं नाही. उलट झेलाच्या वेळी मी त्याला ओरडलो. दोन दिवसांच्या सामन्यात आम्हाला विकेट हव्या होत्या, मी त्याच्याकडून एका दिवसात चौदा षटकं टाकून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अंथरुणातून उठता येईना. एमआरआयमध्ये कमरेच्या पाचव्या मणक्याला डावीकडे भेग निघाली. नऊ महिने तो बॉलिंगला मुकला. त्याने मला कधी दोष दिला नाही, पण तेव्हापासून मी मुलांना पाणी पिताना बघतो.

थांबलास तर मागे पडशील, अशी भीती तुझ्या पत्रात पानोपानी आहे. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. या वर्षीची चाचणी हुकणं हे खरंच नुकसान आहे, आणि ज्या घरात उसाच्या बिलातून स्पाइक्स आले त्या घरात ते जास्त टोचतं. पण समोर ठेवायचं उदाहरणही खरं हवं. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्सने २०११ मध्ये अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळली आणि दुसऱ्या डावात सहा बळी घेतले. त्याची पुढची कसोटी २०१७ मध्ये, आपल्या रांचीत. मधल्या पाच वर्षांत मुख्यतः पाठीच्या दुखापतीच होत्या. त्याच माणसाने २०२३ मध्ये अहमदाबादला विश्वचषक उचलला. त्याच्याच देशाच्या डेनिस लिलीची कंबर १९७३ मध्ये अशीच गेली होती, तेव्हा तर प्लॅस्टर घालून ठेवत असत. १९७४-७५ च्या अ‍ॅशेस मालिकेत तो परत आला आणि २५ बळी घेतले. बुमराहच्या पाठीवर मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, ऑगस्टमध्ये तो पुन्हा खेळायला लागला. ही सगळी मोठी नावं आहेत आणि त्यांच्यामागे डॉक्टरांची फौज होती, हे मला मान्य आहे. पण फौज असूनही त्यांना महिनोन् महिने थांबावंच लागलं. हाड भरायला वेळ लागतो, त्यावर पैशाचा उपाय त्यांच्याकडेही नव्हता.

तुझ्यापुढे तीन रस्ते आहेत. एक, गोळी घेऊन चाचणीला जायचं. समज, तू निवडला गेलास. मग पुढचा महिना रोज सराव आणि लागोपाठ सामने. आज हाड नुसतं सुजलं असेल तर ते काही आठवड्यांत बरं होण्याची आशा असते. भेग पूर्ण पडली की महिन्यांचा हिशेब सुरू होतो, आणि काही मुलांची भेग नीट जुळतच नाही. निवड होऊन तिसऱ्या सामन्यात बाहेर बसलास, तर पुढच्या वर्षी 'पाठीचा त्रास असलेला' म्हणूनच ओळखला जाशील. दोन, कुणाला काही न सांगता चाचणी टाळायची. त्यात हाड वाचेल, पण निवड करणाऱ्यांना वाटेल की तू आलाच नाहीस. तिसरा रस्ता म्हणजे तपासणी करून कागद हातात घेऊन प्रशिक्षकांकडे जायचं. मी तिसरा निवडला असता, आणि तो याच आठवड्यात निवडला असता. तपासणीत हाड ठीक निघालं, तर कदाचित चाचणीही मिळेल. आज थांबलास तर ती शक्यता उरते, आणखी दोन रविवार खेळलास तर तीही जाते.

डॉक्टरांकडे जाशील तेव्हा 'कंबर दुखते' एवढंच सांगू नकोस. दुखणाऱ्या कमरेचे रोज पन्नास पेशंट त्यांच्यासमोर येतात. सांग, "मी उजव्या हाताने फास्ट बॉलिंग करतो. पाच आठवडे डावीकडे याच जागी दुखतंय. मागे झुकल्यावर वाढतं. त्याआधी दहा दिवसांत हजार चेंडू टाकले." आणि विचार, "पार्सचं स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकेल का?" साध्या एक्स-रेमध्ये ही दुखापत सुरुवातीला बऱ्याचदा दिसतच नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सुटलो असं समजू नकोस, एमआरआयची गरज आहे का ते स्पष्ट विचार. खर्चाची अडचण असेल तर जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये किंवा धर्मादाय रुग्णालयात चौकशी करा, आप्पांना सोबत ने. जवळ क्रीडावैद्यक जाणणारे डॉक्टर असतील तर उत्तम, नसतील तर हाडांचे डॉक्टर. आणि एक गोष्ट सर्वांसाठीच: दुखणं पायात उतरलं, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, पाय लुळा वाटला, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

आता आप्पांचे सूर्यनमस्कार. हे जरा सांभाळून सांगायला हवं, कारण ते मायेनेच करून घेतायत. सूर्यनमस्कारांशी माझं वैर नाही, माझी मुलं रोज घालतात. पण त्यात दोनदा हात वर करून मागे झुकायचं असतं आणि मधे भुजंगासन येतं. म्हणजे ज्या हालचालीने तुझं दुखतं, तीच पुन्हा पुन्हा. मणक्यांमधल्या चकतीमुळे दुखणाऱ्या काही जणांना मागे वाकल्याने बरं वाटतं, म्हणून 'पाठीला भुजंगासन' असं सगळीकडे सांगितलं जातं. ज्याचं दुखणं मागच्या हाडात असण्याची शंका आहे त्याने ते करू नये. पालथं झोपून हात-पाय उचलण्याचे व्यायामही सध्या नकोत. आजीला सांग की पाया पडतो, पण पुन्हा कमरेला पाय लावून घ्यायचा नाही. हलक्या हाताची मालिश चालेल, पण मणक्यावर दाब नको, आणि 'हाड बसवून देतो' म्हणणाऱ्याकडे तर मुळीच जायचं नाही.

पट्ट्याचं उत्तर सोपं आहे: नको. पट्टा बांधून बॉलिंग केल्याने त्या दुव्यावरचा भार जात नाही. रविवारच्या गोळीबद्दल मला खरी काळजी वाटते. गोळी हाड भरत नाही, फक्त शरीराचं ओरडणं बंद करते, आणि मग तू आणखी जोरात टाकतोस. त्यातून उन्हात, घाम गाळत, उपाशीपोटी या गोळ्या घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडालाही त्रास होतो. टेनिस बॉल हलका म्हणून पाठीला सोपा, असंही समजू नकोस. त्या हलक्या चेंडूला वेग द्यायला तू अंग जास्तच झोकतोस, आणि जमीन तितकीच कडक असते.

प्रशिक्षकांना कसं सांगू, हे तू विचारलं नाहीस, पण अडलंय ते तिथेच. संघासमोर सांगू नकोस, सराव संपल्यावर एकटे असताना सांग. "सर, पाच आठवडे डावीकडे दुखतंय, मी लपवलं. डॉक्टरांकडे जातोय. मला बॉलिंग सोडायची नाही, म्हणूनच सांगतोय." कदाचित ते चिडतील. मीही चिडलो असतो, दोन मिनिटं. त्यानंतर कुठलाही प्रशिक्षक पहिलं हेच विचारतो की नेमकं कुठे दुखतंय. आप्पांना मात्र त्याआधी सांग. त्यांनी अर्धं आयुष्य तालमीत काढलंय, मोडलेलं अंग घेऊन आखाड्यात उतरलेले आणि पुन्हा न उठलेले पैलवान त्यांनी पाहिलेत. त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळेल.

भेग निघालीच तर साधारण तीन-चार महिने बॉलिंग बंद आणि पूर्ण वेगाने सामना खेळायला सहा ते नऊ महिने, असा अंदाज धर. नेमकं डॉक्टर सांगतील. तो काळ रिकामा जात नाही. फिजिओंच्या सल्ल्याने पोट, कुल्हे आणि मांड्यांची ताकद वाढव. कुल्हे आखडलेले असले की त्यांचं काम कंबर करते. अंथरुणावर पाठीवर पडून चेंडू बोटांनी वर उडव आणि शिवण डगमगते की सरळ फिरते ते बघ. रोज शंभरदा. माझ्याकडच्या त्या मुलाचा वेग थोडा कमी झाला, पण परतल्यावर त्याचा चेंडू शिवणीवर पडायचा, जो आधी कधी पडत नव्हता.

तुझे जुने व्हिडिओही काढून बघ. मागून घेतलेला असेल तो. मागचा पाय टेकतो त्या क्षणी तुझे खांदे आणि कुल्हे एकाच दिशेला आहेत का? कुल्हे फलंदाजाकडे आणि खांदे आडवे, किंवा नंतर खांदे गर्रकन उलटे फिरतात, अशी मिसळलेली ॲक्शन असेल तर कंबर मधल्या मधे पिळली जाते. साइड-ऑन (फलंदाजाकडे कड करून) किंवा फ्रंट-ऑन (छाती त्याच्याकडे करून), काहीही चालतं, पण वरचं आणि खालचं धड एकाच मताचं हवं. हे आत्ता घरी मोबाइल बघून दुरुस्त करू नकोस. परत बॉलिंग सुरू होईल तेव्हा, प्रशिक्षकांच्या डोळ्यांसमोर. रन-अप लांब असला म्हणजेच वेग येतो, हेही तपासून बघ. आपला श्रीरामपूरचा झहीर खान २००६ नंतर आखूड रन-अपने आला आणि २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले.

परतताना आधी पळणं, मग उड्या, मग जागेवरून थोडे चेंडू, एक दिवस सोडून एक दिवस. वेग सगळ्यात शेवटी. आणि एक वही ठेव. शाळा, क्लब, शिबिर, टेनिस बॉल, आप्पांसोबत शेतात टाकलेले, सगळे चेंडू एकाच वहीत. तुझ्या प्रत्येक सरांना फक्त त्यांच्यासमोर टाकलेले चेंडू माहीत असतात, बेरीज कुणाकडेच नसते. इंग्लंडच्या बोर्डाने अनेक वर्षं तुझ्या वयाच्या गोलंदाजाला एका स्पेलमध्ये ७ आणि दिवसाला १८ षटकांची मर्यादा ठेवली होती. जितक्या षटकांचा स्पेल, तितकी षटकं त्या टोकाकडून दुसऱ्यांनी टाकेपर्यंत त्याने चेंडू हातात घ्यायचा नाही. हा नियम आपल्या गावच्या मैदानावरही पाळता येतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पस्तिशी-चाळिशीत रविवारची मॅच खेळणारे बरेच जण याच प्रश्नाची पत्रं पाठवतात. त्यांना थोडं वेगळं सांगायचंय. तुमच्या वयात बहुतेक वेळा स्नायू आखडलेले असतात किंवा चकतीची कुरकुर असते. दुखणं पायात उतरत नसेल आणि डॉक्टरांनी धोका नाही म्हटलं असेल, तर तुम्ही जपून खेळू शकता. अंथरुणाला खिळून राहिल्याने उलट आखडतं. पण साडेपाचला उठून, चाळीस किलोमीटर मोटरसायकल मारून, साडेसातला पहिलं षटक टाकू नका. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात, सकाळी पहिला तासभर वाकणं त्यांना जड जातं. अर्धा तास आधी पोहोचा, चाला, अंग गरम करा, रन-अप निम्मा करा. स्पेल संपल्यावर झाडाखाली बसून राहू नका, सीमारेषेवर फिरत राहा. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी दहा षटकं टाकण्यापेक्षा बुधवारी संध्याकाळी वीस-पंचवीस चेंडू टाकलेले बरे. आणि घरात खेळणारा मुलगा असेल, तर तुमच्या कमरेचा सल्ला त्याच्या कमरेला देऊ नका.

मित्रा, तपासणीत काय निघालं ते कळव. एमआरआयचा अहवाल काय म्हणतो ते डॉक्टरांकडून समजून घे, इंटरनेटवर शोधून घाबरू नकोस. आज बुधवार आहे. रविवारच्या संघाच्या कप्तानाला आजच फोन कर, म्हणजे दुसरा बॉलर शोधायला त्याला चार दिवस मिळतील.